जनुकं नॉर्मल, तरी मज्जारज्जू उघडा: एक्स्प्रेशनबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: पहिल्या गरोदरपणात विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या कमरेपाशी मायलोमेनिंगोसील दिसलं. म्हणजे मणक्यांच्या मागच्या कमानी जुळलेल्या नव्हत्या आणि मज्जारज्जू उघडा होता. मायक्रोअरे (गुणसूत्रांचे तुकडे गळालेत किंवा वाढलेत का ते बघणारी चाचणी) नॉर्मल आला, एक्सोमही नॉर्मल आला. नंतर वाचनात आलं की अशा बाळांत शेकडो जनुकांचं एक्स्प्रेशन बदललेलं असतं. मग अहवालात ते का आलं नाही? आणि पुढच्या गरोदरपणाआधी एक्स्प्रेशनची चाचणी करून घ्यावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: करून घेऊ नका. या दोषासाठी आई-वडिलांच्या रक्तातून एक्स्प्रेशन मोजून पुढच्या बाळाबद्दल काही सांगणारी भरवशाची चाचणी आज नाही. कुणी पॅनेल विकत असेल तर पैसे ठेवून घ्या. पहिला प्रश्न मात्र खरोखर चांगला आहे. त्याचं उत्तर लांब आहे, पण ते समजलं की पुढे काय करायचं हेही आपोआप स्पष्ट होतं.

एक्सोम चाचणी डीएनएची अक्षरं वाचते, तीही सगळी नाही. प्रथिनं बनवायच्या सूचना ज्या भागात असतात तेवढाच, म्हणजे एकूण डीएनएचा एक ते दोन टक्के. एक्स्प्रेशन म्हणजे त्या सूचनांच्या आरएनए प्रती किती निघतायत, कुठल्या पेशीत निघतायत आणि कधी. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत डीएनए तोच. यकृताची पेशी आणि मज्जारज्जूची पेशी वेगळी असते ती या प्रतींच्या हिशेबामुळे. त्यामुळे अक्षरं बिनचूक आणि प्रती मात्र चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या मापात, असं सहज होऊ शकतं. एक्सोमचा अहवाल त्याबद्दल गप्प राहतो, कारण ते त्याला विचारलेलंच नसतं.

आता हे घडतं कधी ते बघू. भ्रूणाच्या पाठीवर सुरुवातीला पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मधोमध एकमेकींना भेटतात, चिकटतात, आणि नळी तयार होते. हीच न्यूरल ट्यूब. वरचा भाग मेंदू होतो, खालचा मज्जारज्जू. कमरेकडचं शेवटचं उघडं तोंड गर्भधारणेनंतर साधारण २७-२८व्या दिवशी मिटतं. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात; बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं किंवा कळलेलंच नसतं. या थोड्या दिवसांत बरंच काही जुळून यावं लागतं. पट्टीतल्या पेशींनी एकमेकींत सरकून पट्टी लांब आणि अरुंद करायची, हे काम व्हँगल२, सेल्सर१ यांसारख्या जनुकांच्या गटाकडे. कुठे दुमडायचं हे एसएचएच आणि बीएमपी हे दोन विरुद्ध बाजूंनी येणारे संकेत मिळून ठरवतात. कडांजवळच्या पेशी जिवंत ठेवण्यात पॅक्स३चा वाटा, आणि वरच्या त्वचेच्या थरात जीआरएचएल३चा. उंदरांत बिघडवली की न्यूरल ट्यूबचा दोष होतो अशी दोनशेहून अधिक जनुकं माहीत आहेत. माणसात मात्र एकाच जनुकाच्या बिघाडाने सगळं समजावून सांगता येईल अशी कुटुंबं फार थोडी असतात. तुमचा एक्सोम नॉर्मल येणं अपवाद नाही, तेच नेहमीचं आहे.

एक उंदीर मला इथे जरा तपशिलात सांगू द्या, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याच्यात आहे. ‘कर्ली टेल’ नावाचा हा वाण १९५०च्या दशकापासून प्रयोगशाळांत आहे. त्यातल्या साधारण निम्म्या पिल्लांची शेपटी वळलेली असते, पंधरा-वीस टक्क्यांना कमरेचा स्पायना बायफिडा, म्हणजे तुमच्या बाळासारखा न मिटलेल्या कण्याचा दोष, होतो, आणि बाकीची पिल्लं दिसायला अगदी ठीक. सगळ्यांचा वारसा जवळजवळ एकच, आई तीच, पिंजरा तोच. त्याचा दोष जीआरएचएल३ या जनुकाशी निगडित आहे, पण त्या जनुकाच्या प्रथिन बनवणाऱ्या भागात काहीही बिघडलेलं नाही! बदल आहे तो जनुकाच्या बाहेर, त्याचं नियंत्रण जिथून होतं तिथे, आणि परिणाम एवढाच की प्रती कमी निघतात. या उंदराचा एक्सोम केला असता तर अहवाल नॉर्मल आला असता.

या प्रती कमी पडतात त्या न्यूरल ट्यूबच्या पेशींत नव्हे, तर तिच्या खाली असलेल्या आतड्याच्या सुरुवातीच्या नळीत. तिथल्या पेशी मंद गतीने वाढतात, वरची न्यूरल पट्टी आपल्या वेगाने वाढत राहते, आणि या तफावतीमुळे भ्रूणाची शेपटी पोटाकडे वाकते. वाकल्यामुळे पाठीकडच्या कडांना जवळ येणं अवघड जातं. म्हणजे ज्या पट्टीत दोष दिसतो तिच्या पेशी निर्दोष असतात. हे सिद्ध करण्यासाठी १९९१मध्ये केलेला प्रयोग मला आजही या क्षेत्रातला सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली या भ्रूणाच्या आतड्याच्या नळीत पापणीच्या केसाचं टोक घालून शेपटी सरळ ठेवली. जनुक तेच, प्रती तितक्याच कमी, फक्त वाकणं थांबलं. आणि न्यूरल ट्यूब मिटायला लागली.

पुढे २००७मध्ये याच वाणात जीआरएचएल३च्या प्रती वाढवल्या आणि स्पायना बायफिडा टळला. इथवर ऐकून कुणालाही वाटेल की मग हे जनुक जितकं जास्त तितकं चांगलं. तर नाही. २०१८मध्ये त्याच जनुकाचं प्रमाण फार वाढवून पाहिलं, तेव्हा पुन्हा स्पायना बायफिडा झाला. कमी पडलं तरी दोष, जास्त झालं तरी दोष. म्हणून कुठल्या तक्त्यात ‘अमुक जनुक कमी झालेलं आढळलं’ असं वाचून त्याला वाढवणारं काहीतरी घ्यावं असा विचार मनात आला, तर तो तिथेच सोडून द्या.

प्रतींचं माप डीएनएत काहीही न बदलता बाहेरूनही बिघडू शकतं, आणि तुमच्यासारख्या दांपत्यासाठी हा भाग जास्त कामाचा. आईला आधीपासून मधुमेह असेल आणि गर्भधारणेच्या सुमारास साखर वाढलेली असेल, तर न्यूरल ट्यूबच्या दोषांचा धोका वाढतो, हे फार वर्षांपासून माहीत आहे. ते कसं होतं याचा एक धागा उंदरांत सापडला. जास्त ग्लुकोजमुळे भ्रूणाच्या पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो, पॅक्स३च्या प्रती घटतात, एरवी पॅक्स३ दाबून ठेवतं ते पी५३ (पेशीला मरायला लावू शकणारं प्रथिन) मोकळं सुटतं, आणि नेमक्या मिटायच्या जागी पेशी मरतात. पी५३ काढून टाकलेल्या उंदरांत हा दोष टळतो, म्हणजे साखळी नुसती कल्पनेतली नाही. व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचं औषध दुसरं उदाहरण. ते हिस्टोनवरचे, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे, एसिटिल गट काढणाऱ्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे एरवी बंद असायची ती जनुकंही उघडी राहतात. गरोदरपणाच्या सुरुवातीला हे औषध चालू असेल तर स्पायना बायफिडाचा धोका एक ते दोन टक्क्यांवर जातो. आकडा छोटा दिसतो, पण एरवी तो हजारात एकाच्या आसपास असतो.

‘शेकडो जनुकं बदललेली’ हे वाक्य आता जरा सोलून बघू. ते खोटं नसतं. पण ते कुठल्या पेशींवर, कधी मोजलं, हे न विचारता त्याचा अर्थ लावला की घोटाळा होतो.

माणसाच्या बाळांबद्दलचे असे बहुतेक अभ्यास गर्भजलातल्या आरएनएवर, नाळेच्या रक्तावर किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेल्या ऊतींवर केलेले असतात. नमुना मिळतो तो सोळाव्या, वीसाव्या, चोविसाव्या आठवड्याला किंवा जन्मानंतर. नळी मिटायची राहिली ती त्याच्या कित्येक आठवडे आधी. मधल्या काळात उघडा मज्जारज्जू गर्भजलात भिजत असतो, घासला जातो, त्याला सूज येते, आधार देणाऱ्या अॅस्ट्रोसाइट पेशी चवताळून उठतात. त्यामुळे यादीत सूजेची जनुकं, जीएफएपीसारखी अॅस्ट्रोसाइटची जनुकं, चेतापेशींच्या जोडणीची जनुकं वर-खाली झालेली दिसली तर ती बहुधा दोषाचे परिणाम असतात, कारण नव्हे. मी अशी यादी हातात घेतली की आधी नमुन्याचं वय बघते. निष्कर्ष नंतर वाचते.

उंदरांत योग्य दिवसाचे भ्रूण मिळतात, पण तिथेही एक सापळा आहे, आणि तो भ्रूण स्वतः काढल्याशिवाय नीट कळत नाही. एकाच आईच्या पोटातली, एकाच दिवशीची भ्रूणंसुद्धा सारख्या वयाची नसतात. साडेदहाव्या दिवशी काढलेली भ्रूणं भिंगाखाली ओळीने ठेवली की पाठीच्या दोन्ही बाजूंना सोमाइटचे बारके चौकोनी ठोकळे दिसतात. तेच मोजून खरं वय ठरवायचं. एकात सव्वीस भरतात, शेजारच्यात तीस. उंदरात कमरेकडचं तोंड साधारण तिशीच्या आसपास मिटतं, म्हणजे एवढ्या फरकात एक भ्रूण उघडं आणि दुसरं मिटलेलं, आणि दोन्ही निरोगी असू शकतात. त्यात दोष असलेली भ्रूणं बहुतेकदा थोडी मागे पडलेली असतात. नुसत्या दिवसावर जोड्या लावून आरएनए मोजलं तर शेकडो जनुकं ‘बदललेली’ निघतात, आणि त्यातली कितीतरी फक्त वयाच्या फरकाने. सोमाइट मोजून जोड्या लावल्या की यादी झरझर आखडते.

तीच गोष्ट पेशींच्या मिश्रणाची. शेपटीकडचा तुकडा कापून पूर्ण दळला, तर त्यात न्यूरल पेशी, त्वचेच्या, आतड्याच्या, रक्तवाहिन्यांच्या अशा सगळ्या येतात. उघड्या भ्रूणात आकारच वेगळा, त्यामुळे तुकड्यात कुठल्या पेशी किती आल्या हेही वेगळं. मग एखाद्या जनुकाच्या प्रती निम्म्या झाल्या असं दिसतं, प्रत्यक्षात त्या जनुकाच्या पेशीच निम्म्या आलेल्या असतात. एकेक पेशी वेगळी मोजायच्या तंत्राने हा गोंधळ बराच सुटतो, आणि म्हणून अलीकडच्या अभ्यासांवर माझा भरवसा जास्त आहे. राहता राहिलं गणित: सुमारे वीस हजार जनुकं एकेक करून तपासली आणि पाच टक्क्यांची चूक चालवून घेतली, तर काहीही फरक नसताना हजार जनुकं ‘बदललेली’ सापडतात. चांगले शोधनिबंध यासाठी दुरुस्ती करतात आणि महत्त्वाची जनुकं वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या नमुन्यांत पुन्हा मोजतात. ते केलेलं नसेल तर वाचन थांबवायला हरकत नाही.

एखादी गोष्ट वाढलेली दिसणं म्हणजे तिचं जनुक जोरात चालू आहे असंही नसतं. अल्फा फीटोप्रोटीनचंच बघा. १९७२मध्ये लक्षात आलं की उघड्या न्यूरल ट्यूबच्या गरोदरपणात गर्भजलात हे प्रथिन खूप वाढतं, आणि त्यावरूनच पुढे आईच्या रक्ताची चाचणी आली. पण बाळाचं यकृत ते काही जास्त बनवत नसतं. ते उघड्या जागेतून गर्भजलात झिरपतं, एवढंच. त्वचेने झाकलेला दोष असेल, उदाहरणार्थ लायपोमायलोमेनिंगोसील, तर पातळी साधारण नॉर्मल राहते. (हे झाकलेले दोष जीवशास्त्राच्या दृष्टीने वेगळंच प्रकरण आहे, फॉलिक अॅसिडचा फायदाही त्यांत तसा स्पष्ट दिसलेला नाही. तुमच्या बाळाचा दोष उघडा होता, म्हणून मी त्यात शिरत नाही.)

मग माणसांच्या नमुन्यांतले एक्स्प्रेशनचे अभ्यास निरुपयोगी का? अजिबात नाही, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतात. दोष का झाला हे त्यांतून फारसं कळत नाही. झाल्यानंतर मज्जारज्जूचं नुकसान कसं आणि कधी वाढतं हे कळतं. पहिला घाव नळी न मिटण्याचा, दुसरा घाव उघड्या रज्जूच्या झिजेचा. गर्भातच शस्त्रक्रिया करून तो झाकायचा विचार या दुसऱ्या घावावरच उभा आहे. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मॉम्स चाचणीत २६ आठवड्यांच्या आत गर्भात शस्त्रक्रिया झालेल्या बाळांपैकी ४० टक्क्यांना वर्षभरात मेंदूतलं पाणी काढायला शंट (बारीक नळी) लागला, जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत ८२ टक्क्यांना. बदल्यात वेळेआधी प्रसूती आणि गर्भाशयाच्या व्रणाचे धोके वाढले. कुठल्या बाळाला याचा सगळ्यात जास्त फायदा होईल हे गर्भजलातल्या आरएनएवरून आधी ओळखता आलं, तर त्या याद्यांचं चीज होईल. मला त्यांच्याकडून खरी आशा आहे ती इथे.

तुमच्या नॉर्मल अहवालांबद्दल आणखी थोडं. मायक्रोअरे नॉर्मल आला हे चांगलंच झालं. २०२४मध्ये २२क्यू११.२ या भागातला छोटा तुकडा गळाल्याने मायलोमेनिंगोसीलचा धोका बराच वाढतो असं दिसून आलं, आणि त्या तुकड्यातल्या सीआरकेएल या जनुकाकडे बोट दाखवलं गेलं. तेवढ्या आकाराची तूट मायक्रोअरेत दिसली असती. न दिसणाऱ्या गोष्टी तीन प्रकारच्या राहतात. नियंत्रण भागातले बदल, कर्ली टेलसारखे. मग अनेक जनुकांत एकेक करून निरुपद्रवी, पण एकत्र आल्यावर तोल घालवणारे बदल. मला विचाराल तर बहुसंख्य बाळांची गोष्ट हीच आहे. आणि तिसरं, फक्त काही पेशींतच झालेला बदल. उंदरात व्हँगल२ हे जनुक न्यूरल पट्टीतल्या थोड्याच पेशींतून काढलं तरी स्पायना बायफिडा होतो, कारण बिघडलेली पेशी शेजारणींनाही आकुंचन पावू देत नाही. असा बदल रक्ताच्या नमुन्यात येईलच असं नाही.

आता काय करायचं. एका बाळाला असा दोष झाला असेल तर पुढच्या वेळी तो पुन्हा होण्याची शक्यता साधारण शंभरात दोन ते पाच. ती कमी करण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा कुठल्याही जनुकाच्या चाचणीतून आलेला नाही, फॉलिक अॅसिडच्या गोळीतून आला आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेली चाचणी १९९१मध्ये प्रसिद्ध झाली. आधी दोष झालेल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून दिवसाला ४ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड दिलं. ज्या ११९५ गरोदरपणांचा निकाल कळला त्यांत २७ बाळांना दोष होता: फॉलिक अॅसिडच्या गटांत ६, बाकीच्या गटांत २१. म्हणजे धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटला, आणि चाचणी ठरल्याआधीच थांबवली गेली.

त्यातली ती ६ बाळंही लक्षात राहू द्या. गोळी नेमाने घेऊनही काहींत दोष होतो. कर्ली टेल उंदीरही फॉलिक अॅसिडला दाद देत नाही. त्याला इनॉसिटॉलचा उपयोग होतो असं १९९७मध्ये दिसलं. माणसात इनॉसिटॉलचा पुरावा छोट्या प्राथमिक चाचणीपलीकडे गेलेला नाही, त्यामुळे फॉलिक अॅसिडच्या जागी ते घेऊ नका. आणि पुन्हा दोष झाला तर कुणी ‘गोळ्या नीट घेतल्या नसशील’ म्हटलं, तर ते मनावर घेऊ नका.

तुमच्यासाठी डोस जास्तीचा, म्हणजे ४ मिलिग्रॅम. काही देशांत ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. गरोदर राहायचं ठरवलं की निदान महिनाभर आधी सुरू करायची, दोन-तीन महिने आधी केली तर उत्तम, आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवायची. पाळी चुकल्यावर सुरू करण्यात फारसा अर्थ नाही, ते दिवस वर सांगितलेच. हा डोस भरून काढण्यासाठी मल्टिव्हिटॅमिनच्या मूठभर गोळ्या घेऊ नका. त्यांतलं व्हिटॅमिन ए जास्त झालं तर तेच भ्रूणाला घातक, कारण त्याच्यापासून बनणारं रेटिनॉइक अॅसिड शेपटीकडच्या वाढीची जनुकं थेट हलवतं. बी१२ एकदा तपासून घ्या. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) करून घ्या, मधुमेह माहीत नसला तरी. फिट्सचं किंवा मूडचं औषध चालू असेल तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी आत्ता, गरोदर राहण्याआधी बोला. व्हॅल्प्रोएट स्वतःच्या मनाने बंद करणं धोक्याचं असतं, त्याला पर्याय शोधायला काही महिने लागू शकतात.

पुढच्या वेळी अकरा ते तेरा आठवड्यांच्या सोनोग्राफीत डोक्याच्या मागच्या भागाकडे मुद्दाम बघायला सांगा, कारण कमरेचा उघडा दोष बरेचदा आधी तिथे खूण देतो. कमरेकडचा कणा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा अठरा ते वीसमध्ये नीट बघता येतो. एक्सोमचा मूळ डेटा प्रयोगशाळेकडून मागून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासून घ्या. या दोषाशी जोडलेल्या जनुकांची यादी वाढते आहे, जुन्या डेटातून नवं उत्तर निघाल्याची उदाहरणं आहेत. आणि पहिल्या बाळाचा ऊतीचा किंवा डीएनएचा नमुना अजून साठवलेला असेल, तर तो नष्ट करू नये असं लेखी कळवा. अशा नमुन्यांची मुदत संपते, आणि बहुतेकदा कुणी फोन करून विचारत नाही.